साक्षीदारांचं एकमेकांशी जुळत नाही, मग हरवलेल्या मुलाच्या खटल्याचं काय होतं?

आडवाट

गेले काही दिवस एटान पेट्झ प्रकरणाबद्दल वाचतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २५ मे १९७९, न्यूयॉर्कचा सोहो भाग. सहा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसथांब्याकडे निघाला. अंतर जेमतेम दोन चौक. आईने त्याला जाताना पाहिलं, ते शेवटचं. शाळेत गैरहजेरी लागली, पण घरी कुणी कळवलं नाही. दुपारी तो परतला नाही तेव्हा शोधाशोध सुरू झाली. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही.

तेहतीस वर्षांनी, २०१२ मध्ये, पेद्रो हर्नांडेझला अटक झाली. १९७९ मध्ये तो अठरा वर्षांचा होता आणि त्या थांब्याजवळच्या दुकानात कामाला होता. काही तासांच्या चौकशीनंतर त्याने कबुली दिली. २०१५ मध्ये अठरा दिवस खल करूनही ज्युरी अकरा विरुद्ध एकवर अडकली. २०१७ मध्ये दुसऱ्या ज्युरीने दोषी धरलं. जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षाही उलटवली: खटला पुन्हा चालवा, नाहीतर सोडा.

अपिलाचा मुद्दा कबुलीजबाबाचा होता, ते ठाऊक आहे. मी अडकलोय दुसरीकडेच. सरकारी पक्षाने असे साक्षीदार आणले होते, ज्यांना हर्नांडेझने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'न्यूयॉर्कमध्ये एका मुलाला मारलं' अशा अर्थाचं काही सांगितलं होतं. प्रार्थनामंडळातले लोक, एक जुना ओळखीचा, आधीची बायको. पण मुलगा कसा होता, नेमकं काय घडलं, हे प्रत्येकाचं वेगळं. सरकारी वकील म्हणणार, इतक्या जणांजवळ बोलला म्हणजे मनात ओझं होतंच. बचावाचे वकील म्हणणार, प्रत्येकाला वेगळीच गोष्ट सांगितली म्हणजे ती डोक्यातली होती, घडलेली नव्हे. दोघंही उभे आहेत त्याच विसंगतीवर!

तर प्रश्न असा: साक्षी जुळत नसतील तर संशयितावर खटला उभा राहतो का, आणि राहिला तर कशाच्या जोरावर? कोर्टाशी संबंधित कुणी असेल तर जरूर लिहा.

तर्कट

यात कोडं काय आहे? चार जण चार गोष्टी सांगत असतील तर किमान तिघं खोटं बोलतायत. कोणते तिघं ते ठरवता येत नसेल तर आरोपीला सोडायचं. संशयाचा फायदा म्हणतात तो हाच.

वाचनमात्र

वाचतेय.

पिंगळा

तर्कट, इतकं सोपं नाही हो. आमच्या घरातलंच सांगते. माझा भाचा पाच वर्षांचा असताना गर्दीत हातातून सुटला. तीन तास पत्ता नाही. पोलिसांना वर्णन देताना बहीण म्हणाली पायात निळ्या चपला होत्या, वडील म्हणाले अनवाणी होता. दोघंही हट्टाला पेटलेले. तिथला हवालदार वैतागून म्हणाला, "आधी आपसात काय ते ठरवा, मग लिहून घेतो." सुदैवाने एक फौजदारबाई आल्या. त्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून एकच विचारलं, तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो कुठे उभा होता? दोघांच्या जागा वेगळ्या निघाल्या. म्हणजे दोघंही खरंच सांगत होते, पोराने मधल्या वेळात चपला काढल्या होत्या. मग आधी चपला शोधल्या. त्या पाण्याच्या टाकीमागे सापडल्या, आणि तिथून वीसेक पावलांवर गाढ झोपलेलं आमचं पोर.

हवालदाराचं ऐकून आम्ही 'आपसात ठरवलं' असतं तर चपला शोधायला कुणी गेलंच नसतं.

काळाकोट

पिंगळाताई, फौजदारबाईंना सलाम. तुमचा किस्सा मी उद्यापासून कोर्टात ऐकवणार (नाव न घेता).

फौजदारी बाजूला बरीच वर्षं घालवली आहेत, दोन्हीकडून. आडवाट यांचा प्रश्न मोठा आहे, टप्प्याटप्प्याने लिहितो.

पहिली गोष्ट, तर्कट म्हणतात ते गणित आपल्या कायद्यात चालत नाही. 'एक गोष्ट खोटी म्हणून सगळंच खोटं' हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच, निसार अली खटल्यात, बाजूला ठेवला. भुसा वेगळा करून दाणे घ्यायचे, ही आपल्याकडची रीत. त्याच वर्षी वडिवेलू थेवर खटल्यात साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले गेले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधले. पहिल्या वर्गातला एक जरी असला तरी पुरतो, साक्षीदारांची संख्या कायदा मोजत नाही. दुसऱ्या वर्गातले दहा असले तरी उपयोग शून्य. सगळी मारामारी तिसऱ्या वर्गाची. तिथे साक्षीला बाहेरून आधार लागतो.

दुसरी गोष्ट, विसंगती कशाबद्दल आहे ते पाहतात. १९८३ चा भारवाडा भोगिनभाई निकाल प्रत्येक वकिलाला तोंडपाठ असतो. साक्षीदाराच्या डोक्यात चित्रफीत नसते, प्रसंग अचानक घडतो, उलटतपासणीत माणूस गांगरतो, आणि वेळ तर लोक अंदाजानेच सांगतात. म्हणून गाभ्याला धक्का न लावणाऱ्या किरकोळ तफावतींना महत्त्व देऊ नका, असं न्यायालय म्हणालं. उलट सगळ्यांचं शब्दन् शब्द जुळलं तर आम्हालाच वास येतो. पढवलेले साक्षीदार एका सुरात बोलतात.

आता खरी गोम. हरवलेल्या मुलाच्या खटल्यात 'किरकोळ' आणि 'गाभा' यांची अदलाबदल होते. भर चौकात मारामारी झाली, प्रेत समोर पडलंय, हत्यार जप्त झालंय, तर आठ वाजता घडलं की सव्वाआठला याने फरक पडत नाही. पण मूल नाहीसं झालंय, कुणी काही घडताना पाहिलेलं नाही, प्रेत नाही, तेव्हा सरकारी पक्षाच्या हातात असतं काय? समजा, एका बाईने साडेपाचला मुलाला एका माणसाबरोबर पाहिलं. एका पोऱ्याने पावणेसहाला मुलाला एकटंच पाहिलं. या पंधरा मिनिटांत अख्खा खटला आहे. पोऱ्या बरोबर असेल तर त्या माणसाने मुलाला सोडून दिलं होतं आणि त्यानंतर काहीही घडलेलं असू शकतं.

म्हणजे ज्या वेळेबद्दल न्यायालय म्हणतं की लोक अंदाजाने सांगतात, तीच वेळ इथे पाठीचा कणा. पुढचं रात्री लिहितो.

तर्कट

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं आलं की. पोऱ्या आणि बाई दोघांवर विश्वास ठेवता येत नाही, सोडा.

काळाकोट

नाही आलं. पोऱ्याने साडेपाचनंतर पाहिलं हे कशावरून? त्याने वेळ घड्याळात पाहिली, की 'दिवे लागायच्या आधी' असं म्हणाला आणि लिहून घेणाऱ्याने पावणेसहा लिहिलं? असं फार होतं. जबाबातला आकडा पुष्कळदा पोलिसाचा असतो, साक्षीदाराचा नव्हे.

सावकाश

वेळेवरून मॅडलिन मॅकॅन आठवली. ३ मे २००७, पोर्तुगालमधलं प्राया दा लूझ. आईवडिलांबरोबर सुट्टीवर आलेली ही लहान ब्रिटिश मुलगी रात्री नाहीशी झाली. आईवडिलांच्या गटातल्या एका मैत्रिणीने रात्री सव्वानऊच्या सुमारास एका माणसाला हातांवर मूल घेऊन जाताना पाहिलं. एका आयरिश कुटुंबाने दहाच्या सुमारास, दुसऱ्याच रस्त्यावर, मूल घेतलेला माणूस पाहिला. वर्षानुवर्षं सगळा भर सव्वानऊवाल्यावर होता. त्याची रेखाचित्रं निघाली, घटनाक्रम त्याच्याभोवती बांधला गेला. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्कॉटलंड यार्डने सांगितलं की तो बहुधा तिथेच उतरलेला एक ब्रिटिश पर्यटक होता, रात्रीच्या पाळणाघरातून स्वतःचंच मूल घेऊन चाललेला. मग लक्ष दहा वाजताच्या माणसाकडे वळलं.

सहा वर्षं! आणि गंमत म्हणजे त्या मैत्रिणीने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. तिने माणूस पाहिला, मूल पाहिलं, वेळही जवळपास बरोबर. चूक इतकीच की तो 'तो' नव्हता.

आडवाट

हे भयंकर आहे. म्हणजे साक्ष खरी, साक्षीदार प्रामाणिक, आणि तरी तपास दिशा चुकला.

समजा त्या सहा वर्षांत कुणावर आरोपपत्र दाखल झालं असतं, आणि त्या माणसाकडे सव्वानऊचा पुरावा असता की मी दुसरीकडे होतो, तर? तो सुटला असता, भले त्याने दहा वाजता काही केलेलं असो.

काळाकोट

अगदी हेच. आणि एकदा निर्दोष सुटला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) मध्ये दोषी ठरून शिक्षा झालेल्याला संरक्षण आहे, फौजदारी प्रक्रियेत निर्दोष सुटलेल्यालाही. सरकार अपील करू शकतं, पण ते सहसा त्याच पुराव्यावर. नंतर खरा घटनाक्रम कळला म्हणून नवी सुरुवात करता येत नाही. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांसाठी नव्या सबळ पुराव्यावर ही वाट थोडी उघडली, आपल्याकडे ती बंद आहे.

म्हणून जुळत नसलेल्या साक्षी हातात असताना घाईने कोर्टात जाणं हा जुगार असतो. थांबणं हाही जुगारच, कारण साक्षीदार म्हातारे होतात, विसरतात, मरतात, आणि मधल्या काळात बातम्या वाचून आठवणी 'सुधारतात'. पेट्झ प्रकरणात तर आधी दुसराच एक जण वर्षानुवर्षं संशयित होता. होजे रामोस. २००४ मध्ये दिवाणी कोर्टाने एटानच्या मृत्यूची जबाबदारी त्याच्यावर टाकली, फौजदारी खटला मात्र कधीच झाला नाही. हर्नांडेझच्या वकिलांनी पुढे ज्युरीसमोर त्यालाच उभं केलं: बघा, खरा संशयित हा. जुना तपास असा नव्या खटल्यात परत येतो.

घुबड

उलटी बाजूही पाहा. प्रत्यक्ष हजर असलेल्यांचं सरकारी कहाणीशी जुळत नाही, म्हणून त्यांनाच बाजूला सारलं, असंही होतं. ऑस्ट्रेलियातलं अझारिया चेंबरलेन प्रकरण. १७ ऑगस्ट १९८०, उलुरूजवळचा तळ. नऊ आठवड्यांची मुलगी तंबूतून नाहीशी झाली. आई लिंडी म्हणाली, डिंगोने (तिथल्या रानटी कुत्र्याने) नेली. तळावरच्या दुसऱ्या कुटुंबातल्या बाईने सांगितलं, लिंडी आमच्यात परत आल्यानंतर मी बाळाचं रडणं ऐकलं. सरकारी कहाणीप्रमाणे तोवर आईने बाळाला गाडीत मारलेलं होतं. मेलेलं बाळ रडेल कसं? पण ज्युरीसमोर प्रयोगशाळेतले तज्ज्ञ आले, गाडीत रक्ताचा फवारा सापडल्याचं सांगितलं, आणि १९८२ मध्ये आईला जन्मठेप झाली. तो 'फवारा' पुढे आवाज कमी करण्यासाठी गाडीत मारलेल्या लेपाचा निघाला. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट सापडलं, आई सुटली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द. डिंगोनेच नेलं असं कागदोपत्री लिहायला मृत्यूचौकशी न्यायाधीशांना २०१२ उजाडलं.

साक्षीदार अशास्त्रीय, प्रयोगशाळा शास्त्रीय, हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की कान आणि डोळे असलेली माणसं दुय्यम ठरतात. तिथे तळावरची माणसं बरोबर होती.

तर्कट

घुबड, हे माझ्या विरोधात आहे की बाजूने ते कळेना. :)

पण ठीक, 'सोडा' हे मी जरा घाईत म्हणालो. माझा मुद्दा पोलिसांबद्दल होता. आपल्या कहाणीला सोयीचा साक्षीदार ठेवायचा आणि अडचणीचा गाळायचा, हे सर्रास चालत असणार. मग 'विसंगती' कोर्टापर्यंत पोचतेच कुठे?

काळाकोट

हा मात्र खणखणीत मुद्दा. त्या पोऱ्याचा जबाब आरोपपत्राला जोडलाच नाही, तर बचावाला तो आहे हेच कळत नाही. अमेरिकेत १९६३ च्या ब्रेडी निकालापासून आरोपीच्या फायद्याचा पुरावा दडवणं हे खटला उलटवायचं कारण ठरू शकतं. आपल्याकडे आरोपीला सरकारी पक्ष ज्यावर विसंबतो त्या कागदांच्या प्रती मिळतात. ज्यावर विसंबत नाही त्यांचं काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दल मार्गदर्शक नियम घातले आणि २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात पुन्हा बजावलं, की जे जबाब, कागद, वस्तू वापरणार नाही त्यांचीही यादी द्या. यादी हातात आली की बचाव प्रती मागू शकतो. माझा अनुभव: यादी मागावी लागते.

शिवाय महत्त्वाचा साक्षीदार मुद्दाम टाळला असं दिसलं तर न्यायाधीश प्रतिकूल अनुमान काढू शकतात, म्हणजे तो आला असता तर तुमच्या विरुद्धच बोलला असता असं धरून चालतात. त्यामुळे शहाणा सरकारी वकील अडचणीचा साक्षीदार स्वतःच पिंजऱ्यात आणतो आणि सरतपासणीतच ती तफावत उघडी करतो. बचावाने उलटतपासणीत बाहेर काढली तर ती बॉम्ब होते, आपण आधी सांगितली तर नुसता तपशील राहतो.

निळीशाई

मी साक्षीदार होते एकदा. विषय मूल हरवण्याचा नव्हता, पण जवळचा होता, जास्त सांगत नाही. घटनेनंतर सात वर्षांनी समन्स आलं. पिंजऱ्यात उभं केल्यावर वकिलाने विचारलं, सोसायटीचं फाटक उघडं होतं का? मी म्हणाले, उघडं. त्याने माझा तेव्हाचा जबाब वाचला, त्यात फाटकाचा उल्लेखच नाही. मग अर्धा तास तेच. "म्हणजे हे तुम्ही आज पहिल्यांदा सांगताय?" "पोलिसांना का सांगितलं नाहीत?" "कुणी सांगायला सांगितलं?" मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोलिसांनी फाटकाबद्दल विचारलंच नव्हतं, आणि मी जे बोलले ते त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं होतं. 'सदर इसम' वगैरे. मी आयुष्यात 'सदर इसम' म्हणालेले नाही.

त्या दिवशी घरी येताना मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी खोटारडी आहे.

काळाकोट

निळीशाई, वाईट वाटलं वाचून. तो बहुधा नवा वकील असणार, नाहीतर फार जुना.

तुमच्याबाबतीत झालं त्याला आमच्या भाषेत 'ऑमिशन' म्हणतात. पोलिसांपुढचा जबाब (जुन्या संहितेत कलम १६१, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १८०) साक्षीदाराच्या सहीचा नसतो आणि तो मूळ पुरावा म्हणून वापरता येत नाही. बचावाला तो वापरता येतो फक्त साक्षीदाराला खोडून काढायला. मग दोन प्रकार उरतात. आधी एक, आता नेमकं उलट, हा अंतर्विरोध. आधी गप्प, आता सांगितलं, हे वगळणं. प्रत्येक वगळणं अंतर्विरोध होत नाही, मुद्दा इतका महत्त्वाचा असावा लागतो की तो तेव्हाच सांगितला गेला असता असं कुणालाही वाटावं. तुमचं फाटक त्यात बसत होतं की नाही, हे खटल्यावर अवलंबून.

हरवलेल्या मुलाच्या बाबतीत याचा फटका जोरात बसतो, कारण पहिले जबाब 'मूल हरवलंय' म्हणून घेतलेले असतात, 'मूल पळवलंय' म्हणून नव्हे. कुठल्या दिशेला गेलं, अंगात काय होतं, इतकंच विचारतात. शेजारच्या दुकानात कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही. आठ महिन्यांनी संशयित सापडतो तेव्हा नवे जबाब होतात आणि त्यात तो माणूस अचानक अवतरतो. बचाव म्हणणार, आधी का नव्हता? खरं उत्तर असतं, कुणी विचारलंच नव्हतं. पण ते सिद्ध कसं करणार?

म्हणूनच २०१३ चा बचपन बचाओ आंदोलन प्रकरणातला आदेश मला फार मोलाचा वाटतो. मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय असं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. लोकांना वाटतं हा शोधासाठी आहे. तो पुराव्यासाठीही आहे, कारण पहिल्या दिवसापासून प्रश्नच वेगळे विचारले जातात. आणि महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यापुढे लवकर नोंदवून घ्यावा, पुढे तो फिरला तर निदान आधी शपथेवर काय म्हणाला होता ते राहतं.

बाराखडी

मुलांच्या साक्षीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. हरवलेल्या मुलाला शेवटचं पाहणारे बहुतेकदा बरोबर खेळणारे असतात, पाच-सात वर्षांचे. मी या वयाच्या मुलांबरोबर रोज काम करते. 'लाल गाडी होती का?' असं विचारलंत तर होती. 'निळी होती का?' तरी होती. मुलं खोटं बोलत नाहीत, मोठ्या माणसाला हवं ते देतात. 'काय काय दिसलं?' असं विचारून गप्प बसलात तर थोडंच सांगतील, पण ते त्यांचं असेल.

कॅलिफोर्नियातला मॅकमार्टिन शाळेचा खटला याचंच उदाहरण. १९८३ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप सुरू झाले, मुलांना पुन्हा पुन्हा, सुचवत सुचवत विचारलं गेलं, आणि १९९० पर्यंत चालून एकालाही शिक्षा झाली नाही. नक्की काय घडलं किंवा घडलं नाही, हे त्या पद्धतीमुळे कायमचं गढूळ झालं.

सावकाश

मोठ्यांचंही तेच. लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग: सगळ्यांना अपघातांच्या त्याच चित्रफिती दाखवल्या. 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता' आणि 'गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता', फक्त क्रियापद बदललं आणि सांगितलेला वेग वाढला. आठवड्यानंतर 'चुराडा'वाल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

काळाकोट

बाराखडी, आपल्याकडे मूल साक्ष देऊ शकतं, वयाची अट नाही. न्यायाधीश आधी काही साधे प्रश्न विचारून पाहतात, त्याला समजतं का आणि नीट उत्तर देता येतं का. दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र, १९९७, मध्ये बालसाक्षीदाराच्या एकट्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते असं म्हटलंय, पण ती पढवलेली नसावी. प्रत्यक्षात न्यायाधीश दुसरा आधार शोधतातच.

घुबड

ओळख पटवण्यावरूनही लिहा की कुणी. लिंडबर्ग खटला तर त्याचं पाठ्यपुस्तक आहे. १ मार्च १९३२ ला प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक लिंडबर्गचं वीस महिन्यांचं मूल पळवलं, मे महिन्यात मृतदेह सापडला. खंडणी पोचवणारा मध्यस्थ कॉन्डन. त्याने १९३४ च्या ओळखपरेडमध्ये आरोपी हाउप्टमानला ओळखलं नाही, आणि जानेवारी १९३५ ला कोर्टात ठामपणे ओळखलं! लिंडबर्गने स्मशानाबाहेर गाडीत बसून ऐकलेली एक हाक अडीच वर्षांनी ओळखली. त्याआधी ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का ते ठरवणारी ज्युरी) तो म्हणाला होता की आवाजावरून माणूस ओळखणं फार कठीण आहे. तिसरा साक्षीदार ८७ वर्षांचा, नजर अधू.

तर्कट

आणि तरी फाशी?

घुबड

विजेची खुर्ची, ३ एप्रिल १९३६. त्या साक्षी नसत्या तरी गॅरेजमध्ये खंडणीतले चौदा हजारांवर डॉलर सापडले होते, आणि लाकूडतज्ज्ञाने शिडीची एक फळी त्याच्याच पोटमाळ्याच्या तक्तपोशीतून कापलेली आहे असं दाखवलं होतं. यावर आजही लोक भांडतात, पण खटला लाकडाने आणि नोटांनी पेलला, डोळ्यांनी नव्हे.

काळाकोट

तेच सांगायला आलो होतो. डगमगत्या साक्षीला मुक्या पुराव्याचा टेकू.

आपल्याकडे ओळखपरेडमधली ओळख हा मूळ पुरावा नसतो, खरी ओळख कोर्टातली. पण परेड न घेता पाच वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यातल्या एकुलत्या एक माणसाकडे बोट दाखवणं याला वजन फार कमी. आणि परेडच्या आधी संशयिताचा फोटो सगळीकडे फिरला असेल तर परेडही गेली. हल्ली तर अटक होण्याआधी फोटो मोबाइलवर पोचतो. लोकांना वाटतं आपण मदत करतोय.

आता आडवाट यांचा मूळ प्रश्न, खटला कशाच्या जोरावर उभा राहतो. तीन गोष्टी.

आरोप ठेवण्याच्या टप्प्यावर साक्षी जुळतात का हे न्यायाधीश बारकाईने तपासत नाहीत, गंभीर संशय पुरतो (समल निकाल, १९७९). म्हणजे जुळत नसलेल्या साक्षींवर खटला सुरू होऊ शकतो, अडतो तो शेवटी.

प्रेत सापडलंच पाहिजे असं नाही. रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश, १९८१, मध्ये ते स्पष्ट झालं. पण मग परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण हवी, शरद सारडा निकालातली १९८४ ची पाच सूत्रं. 'शेवटचे एकत्र दिसले' ही त्यातली नेहमीची कडी. २००५ च्या सतीश निकालात, तो खटलाही एका लहान मुलीचाच होता, न्यायालय म्हणालं की एकत्र दिसणं आणि मृत सापडणं यातलं अंतर इतकं कमी हवं की मधे तिसरा कुणी येण्याची शक्यता उरू नये. प्रेतच नाही तर या अंतराचं दुसरं टोक कुठे मोजायचं? सगळा भार पहिल्या टोकावर, म्हणजे 'मी साडेपाचला पाहिलं' म्हणणाऱ्या बाईवर.

तिसरी वाट मला सर्वात व्यवहारी वाटते. खुनावर नव्हे, पळवण्यावर जोर द्या. मुलाला त्याने नेलं एवढं निःसंशय सिद्ध झालं तर पुढे काय झालं हे त्याच्याच माहितीतलं, ते त्याने सांगावं. मीर मोहम्मद उमर, २०००, आणि सुचा सिंग, २००१, हे दोन निकाल याच अंगाने जातात. फायदा असा की साक्षीदारांवर शंभर गोष्टींचं ओझं पडत नाही. नेलं की नाही, एवढंच. कपड्याचा रंग चुकला तरी चालतो, माणूस चुकून चालत नाही.

पिंगळा

आणि माफीचा साक्षीदार? गावित बहिणींच्या प्रकरणात नवराच फिरला होता ना?

काळाकोट

हो, रेणुका शिंदेचा नवरा. १९९० ते १९९६ दरम्यान तेरा मुलं पळवल्याचा आरोप, त्यातले काही खून. गुन्ह्यात सामील असलेल्याची साक्ष एकटी पुरेशी मानत नाहीत, इतर पुराव्याने तिला दुजोरा लागतो. तिथे तो मिळाला तेवढे खून टिकले: खालच्या कोर्टाने सहा धरले होते, वरती पाच राहिले. फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली, पुढे दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये जन्मठेप. पण पाहा, आरोप तेरा मुलांचे, खून पाच. सगळ्याच मुलांबाबत पुराव्याचं वजन सारखं नसतं, आणि पुराव्याबाहेरचं कोर्ट लिहू शकत नाही.

वाचनमात्र

बाकीच्या मुलांच्या आईवडिलांना काय सांगत असतील?

तर्कट

माझ्याकडे उत्तर नाही. माघार.

आडवाट

सगळ्यांचे आभार. काळाकोट, एक राहिलं. समजा आपल्यापैकी कुणी असं काही पाहिलं आणि नंतर कळलं की मूल हरवलंय, तर चौकीत जाण्याआधी काय करावं?

काळाकोट

कुणाशीही बोलायच्या आधी कागदावर लिहा. जे पाहिलं तेच, स्वतःच्या शब्दांत, न आठवणारं 'आठवत नाही' असं लिहून. वेळ माहीत नसेल तर त्या वेळी तुम्ही काय करत होतात ते लिहा, त्यावरून वेळ काढता येते: फोन केला होता का, पैसे दिले होते का, बस पकडली होती का. जबाब झाला की वाचून दाखवायला सांगा. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. 'सदर इसम' राहू द्या, त्याला इलाज नाही.

निळीशाई

:) हे सात वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं.

काल जुन्या फोटोंमध्ये शोधलं. त्या आठवड्यातला एकच फोटो आहे, त्यात फाटक अर्धं दिसतं. एक दार बंद, दुसरं चौकटीबाहेर.